दोन गाण्यांच्या मधले चंदावरकर

'श्वास' पाहिलेल्यांनी हात वर करा! पहिल्या वर्षाच्या पोरांनी घरी टीव्हीवर पाहिला असेल, स्टाफपैकी बऱ्याच जणांनी तेव्हा थिएटरात जाऊन. हरकत नाही, सगळे हात मोजले. आता त्यातलं एक गाणं म्हणून दाखवा.

नाही ना आठवत? आठवणारच नाही. कारण 'श्वास'मध्ये गाणं नाहीच. पोस्टरवरची बाकीची नावं मात्र पाठ असतात. दिग्दर्शक संदीप सावंत, आजोबा झालेले अरुण नलावडे, छोटा परशा झालेला अश्विन चितळे. २००४ मध्ये या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ जाहीर झालं. त्याआधी मराठीला ते मिळालं होतं आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी. मग भारतातर्फे 'श्वास' ऑस्करला गेला आणि तिकडच्या खर्चासाठी महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी काढली. एवढं सगळं झालं. पण संगीत कुणाचं होतं असं विचारलं की विंगमधला हुशारातला हुशार पोरगा म्हणतो, "गाणीच नाहीत तर संगीत कुठलं आलं राव?"

या एका वाक्याशी माझं भांडण आहे आणि हा लेख त्या भांडणासाठीच आहे.

'श्वास'चं संगीत भास्कर चंदावरकरांचं. जन्म पुण्याचा, १९३६ चा. सतार शिकले ते पंडित रविशंकरांकडे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सुमारे पंधरा वर्षं त्यांनी संगीत शिकवलं. म्हणजे ज्यांना सिनेमा काढायचा आहे त्यांना सिनेमा ऐकायचा कसा हे शिकवलं. नाटकवाले त्यांना ओळखतात ते 'घाशीराम कोतवाल'मुळे. १९७२ च्या डिसेंबरात आलेलं तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, नाना फडणवीस मोहन आगाशे आणि संगीत चंदावरकर. त्या नाटकात कीर्तन आणि लावणी अशी एकमेकांना चिकटवली आहे की देवाचं नाव कुठं संपतं आणि पाप कुठं सुरू होतं ते कळू नये. वैद्यनाथाच्या गावात, भजन-कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. नाटकाचं जाऊ द्या, त्याचं कौतुक भरपूर झालं. देशात झालं, परदेशात झालं, अजून होतं. माझं म्हणणं त्यांच्या सिनेमांबद्दल आहे.

यादी जरा बघा. कन्नडमध्ये कर्नाड-कारंतांचा 'वंशवृक्ष' (१९७१) आणि कर्नाडांचाच 'ओंदानोंदु कालदल्ली' (१९७८). हिंदीत कुमार शहानींचा 'मायादर्पण' (१९७२), मृणाल सेनांचा 'खंडहर' (१९८४), अमोल पालेकरांचा 'थोडासा रूमानी हो जाएँ' (१९९०). मल्याळममध्ये के. जी. जॉर्ज यांचा 'स्वप्नाडनम्' (१९७६). उडियामध्ये नीरद महापात्रांचा 'माया मिरिग' (१९८४). बंगालीत अपर्णा सेनांचा 'परमा'. मराठीत 'सामना', 'आक्रीत' आणि शेवटी शेवटी 'श्वास'. सहा भाषा झाल्या! आपल्यातल्या किती जणांना पुण्याचा एक सतारिया सहा भाषांतल्या सिनेमांना संगीत देऊन आला हे माहीत आहे? ए. आर. रहमानच्या अल्बमची यादी मात्र रिलीजच्या तारखेसकट तोंडपाठ. (रहमानबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उगाच कुणी अंगावर येऊ नये.)

तर प्रश्न असा की असा माणूस नजरेआड राहतो कसा? मला वाटतं याचं कारण आपल्या कानात नाही, रेडिओत आहे. आपल्याकडे सिनेमाचं संगीत घराघरात गेलं ते तबकडीवरून आणि आकाशवाणीवरून. जुन्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. तीन मिनिटांचं गाणं तबकडीवर आलं, तबकडी रेडिओवर वाजली, 'आपली आवड'मध्ये गावाच्या नावासकट फर्माईश झाली, बँडवाल्यानं ते वरातीत वाजवलं, मग कॅसेट आली, सीडी आली, मोबाईलची रिंगटोन झाली. पार्श्वसंगीताला यातलं काहीच मिळालं नाही. चाळीस सेकंदांचा तुकडा, त्याच्यावर कुणाचा तरी संवाद, मध्ये दार वाजल्याचा आवाज. त्याची तबकडी कोण काढणार? जो सिनेमा दोन आठवड्यांत थिएटरातून उतरला त्याचं पार्श्वसंगीतही त्याच्याबरोबर उतरलं. आणि चंदावरकरांचे बहुतेक सिनेमे असेच होते. कमी खेळांचे, सकाळच्या शोचे, फिल्म सोसायटीतले, नाहीतर दूरदर्शनवर दुपारी सगळं घर झोपलेलं असताना लागणारे.

सरकारदरबारी तरी वेगळं होतं का? राष्ट्रीय पुरस्कारांत गाण्यांचं संगीत आणि पार्श्वसंगीत असे दोन वेगळे पुरस्कार नियमितपणे द्यायला लागले ते ५७ व्या पुरस्कारांपासून, म्हणजे २००९ सालच्या चित्रपटांपासून. त्या वर्षीचा पार्श्वसंगीताचा पुरस्कार मिळाला इळैयाराजांना, 'पळश्शी राजा'साठी. चंदावरकर २६ जुलै २००९ ला पुण्यात गेले.

आता थोडं कामाबद्दल. इंजिनिअरिंगच्या पोरांना आकडे दिले की पटतं, म्हणून आकड्यांत सांगतो. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी पळते. एका फुटात १६ चौकटी असतात. म्हणजे मिनिटाला ९० फूट. दिग्दर्शक म्हणतो, "म्हातारा दवाखान्याच्या पायरीवर बसतो तिथपासून तो उठेपर्यंत संगीत हवं." ते झालं समजा ६० फूट. म्हणजे चाळीस सेकंद, ९६० चौकटी. एकसष्टाव्या फुटावर दुसऱ्याच माणसाचा चेहरा येतो आणि तिथं मागचं संगीत एक क्षणही रेंगाळलं तरी सीन बिघडतो. आता ज्याची तालीम शास्त्रीय संगीतात झाली त्याचं काय होत असेल ते बघा. रागाचा आलाप म्हणजे निवांत काम. षड्ज लावायचा, आजूबाजूला फिरायचं, एकेक सूर पाहुण्यासारखा घरात घ्यायचा. अर्धा तास झाला तरी तबल्याला हात लागत नाही. त्याच माणसाला इथं कुणीतरी स्टॉपवॉच दाखवतं आणि म्हणतं की चाळीस सेकंदांत म्हाताऱ्याच्या मनात काय चाललंय ते सांगा, पण असं सांगा की म्हाताऱ्याकडेच लक्ष राहिलं पाहिजे, तुमच्याकडे जाता कामा नये. सबमिशनच्या आदल्या रात्री दहा शीटा काढणं यापेक्षा सोपं!

चंदावरकरांच्या गुरूंनी हे काम केलं होतंच. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चं (१९५५) बहुतेक संगीत रविशंकरांनी एका रात्रीच्या बैठकीत पूर्ण केलं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण रविशंकर ते करून पुन्हा मैफिलीत गेले, जगभर गेले. शिष्यानं मात्र हेच आपलं मुख्य काम मानलं. मोठा कलावंत सिनेमाला एक रात्र देतो याचं आपल्याला कौतुक वाटतं. पंचवीस-तीस वर्षं देतो त्याला आपण "सिनेमाला बॅकग्राउंड देणारा" म्हणतो. हा आपला हिशोब मला कळत नाही.

आणि सोपे रस्ते कमी नव्हते, बरं का. मोठा नेता गेला की दूरदर्शनवर सारंगी लागायची, आठवतं? लग्न म्हटलं की सनई, खेडं म्हटलं की बासरी, वेड लागलं की व्हायोलिनचा किंचाळता सूर, तमाशा म्हटलं की ढोलकी. हे सगळं तयार मालासारखं मिळतं. फॉर्म्युला टाका, उत्तर काढा. आजही मालिकांमध्ये सासूनं मान वळवली की तीनदा धडामधूम होतं ते यातूनच. प्रेक्षकाला कळणार नाही, अशी भीती त्यामागं असते. जे संगीत प्रेक्षकाला हुशार समजतं ते कमी बोलतं. चंदावरकरांचं संगीत कमी बोलणाऱ्यांतलं आहे.

'सामना'पासून सुरुवात करू, कारण तो आपला सिनेमा आहे. म्हणजे कथा परळीची नाही, पण साखर कारखान्याची आहे. ज्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर गाड्याच्या गाड्या भरून माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, जिथं कारखान्याचा भोंगा म्हणजे काय हे पोराबाळांना कळतं, तिथल्या माणसाला 'सामना' वेगळा समजावून द्यायला नको. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, निर्माते रामदास फुटाणे, हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले आणि मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढं काय झालं, हा एकच प्रश्न मास्तर विचारत राहतो. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेत होता.

'सामना'ची गाणी लोकांना माहीत आहेत. लताबाईंनी गायलेली, जगदीश खेबुडकरांची घायाळ हरिणीची लावणी ऑर्केस्ट्रात अजून होते. आणि आरती प्रभूंचं, रवींद्र साठे यांनी गायलेलं ते खांद्यावरच्या ओझ्याचं गाणं. माझा मुद्दा या दुसऱ्या गाण्यापाशी आहे. ते पार्श्वभूमीला येतं. गाणं आहे, पण काम करतं पार्श्वसंगीताचं. नायक गातोय, नायिका लाजतेय, असा प्रकार नाही. कुणीतरी तिसराच माणूस, गावातला म्हणा की वरचा म्हणा, हे सगळं बघतोय आणि त्याला ते सोसवत नाही, असा तो आवाज आहे. लावणी पाटलाच्या दुनियेतली आहे आणि हा आवाज मास्तरच्या बाजूचा आहे. दोन्ही चाली एकाच माणसाच्या. लावणीत त्यांनी लावणीला जे लागतं ते सगळं दिलं, हात राखला नाही. दुसऱ्या गाण्यात जवळजवळ काहीच दिलं नाही, आवाज एकटा सोडून दिला. 'सामना'च्या संगीताबद्दल बोलताना लोक लावणीपाशी थांबतात. मला वाटतं सिनेमाचा न्याय त्या एकट्या आवाजानं केला आहे.

दुसरा आपल्या भागाशी जोडलेला सिनेमा 'आक्रीत' (१९८१). अमोल पालेकरांचं दिग्दर्शनातलं पदार्पण, लेखन पुन्हा तेंडुलकर. त्यामागं होतं मानवतचं हत्याकांड. परळीहून परभणीला गाडी धरली आणि तिथून जालन्याकडे निघालं की मानवत रोड स्टेशन लागतं, एवढं ते जवळ. १९७२ ते ७४ या काळातलं ते प्रकरण घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, आवाज खाली करून सांगतील. अशा विषयाला भुताटकीच्या सिनेमाचं संगीत लावणं किती सोपं होतं! पण नरबळीच्या गोष्टीत भीती भुताची नसतेच. भीती असते ती माणसांची, ओळखीच्या, रोज राम राम घालणाऱ्या माणसांची. या विषयाला पालेकरांनी शास्त्रीय तालमीतला संयमी माणूस निवडला यातच त्यांना काय हवं होतं ते दिसतं. 'आक्रीत'ला फ्रान्समध्ये नान्तच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला. आपल्याकडे त्याचं नाव घेतलं तर लोक विचारतात, "हा कुठला पिक्चर?"

पण खरं सांगायचं तर माझं मन 'श्वास'मध्येच अडकलं आहे. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कोकणातला पोरगा, डोळ्यांचा कॅन्सर, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल पण दृष्टी जाईल. ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला दवाखान्यातून गुपचूप बाहेर काढतात आणि शहर दाखवतात. जेवढं बघता येईल तेवढं बघून घे! सगळा सिनेमा डोळ्यांचा आहे. मग त्यात कानाचं काम काय?

इथंच मला वाटतं चंदावरकरांना पेपर फार अवघड आला होता. या पोराला उद्यापासून फक्त आवाजच उरणार आहे. आज जो कोलाहल आहे, गाड्यांचा, माणसांचा, दवाखान्याच्या व्हरांड्याचा, तेच उद्या त्याचं सगळं जग होणार. अशा वेळी संगीतकारानं पोरासाठी रडायला सुरुवात केली असती तर त्याच्या जगावर पाणी ओतल्यासारखं झालं असतं. दुसऱ्या बाजूनं, काहीच दिलं नसतं तर तो माहितीपट झाला असता. मधली वाट काढायला उभी हयात लागते आणि हे काम त्यांनी सत्तरीच्या जवळ असताना केलं. पुन्हा पाहाल तेव्हा एक करा. शहर बघण्याचा भाग एकदा आवाज बंद करून बघा, मग आवाज लावून. डोळ्यांत पाणी दोन्ही वेळा येईल कदाचित, पण कशामुळं येतं ते दुसऱ्या वेळी कळेल.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. "चांगलं पार्श्वसंगीत लक्षातच येऊ नये, तेच त्याचं यश. मग लक्षात नाही राहिलं म्हणून तक्रार कशाला?" मेसमध्ये हा वाद झाला तेव्हा टाळ्या या वाक्याला पडल्या, म्हणून ते इथं घेतो. ऐकताना लक्ष जाऊ नये हे मान्य. पण पुलाचं फाउंडेशनही दिसत नाही आणि सिव्हिलवाले ते चार सेमिस्टर शिकतात. न दिसणाऱ्या गोष्टीचा अभ्यास करायचा नाही असं ठरवलं तर आपलं कॉलेज बंद करावं लागेल. इलेक्ट्रिकलवाल्यांनी तर आधी बोलूच नये!

शिवाय संगीत नसणं हासुद्धा एक निर्णय असतो. १९३७ चा प्रभातचा 'कुंकू' घ्या. शांतारामबापूंचं दिग्दर्शन, संगीत केशवराव भोळ्यांचं. त्या चित्रपटात वेगळं पार्श्वसंगीत ठेवलेलंच नाही. घरातले, रस्त्यावरचे, त्या त्या जागचे आवाज आहेत. नायिका गाते तेव्हा ग्रामोफोन वाजतो, म्हणजे सूरसुद्धा कुठून येतात ते दिसतं. आपल्यापेक्षा कितीतरी वयस्क नवऱ्याच्या घरात कोंडलेल्या त्या मुलीला बाहेरून कुणी धीर देत नाही, व्हायोलिनसुद्धा नाही. आणि गंमत बघा, पुण्यातल्या ज्या प्रभात स्टुडिओत हे घडलं त्याच आवारात पुढं १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली, आणि तिथंच चंदावरकर संगीत शिकवायला उभे राहिले. सूर कुठं द्यायचा आणि कुठं नाही, हा विचार त्या जागेला नवा नव्हता.

बाहेर काय होतं? इंग्लंडमध्येही हेच दुखणं होतं. रॅल्फ व्हॉन विल्यम्स हा तिकडचा फार मोठा संगीतकार. सत्तरीला टेकला तेव्हा त्यानं पहिल्यांदा सिनेमाला संगीत दिलं, १९४१ च्या 'फोर्टी-नाइन्थ पॅरलल'ला. नंतर दक्षिण ध्रुवावर गेलेल्या कॅप्टन स्कॉटवरच्या चित्रपटाला (१९४८) दिलेलं संगीत त्याला इतकं जवळचं वाटलं की त्यातूनच त्यानं आपली सातवी सिंफनी उभी केली. ती १९५३ मध्ये पहिल्यांदा वाजली. माल्कम अर्नोल्डची गोष्ट तर आणखी मजेदार. 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या (१९५७) संगीतासाठी त्याला ऑस्कर मिळालं. पण त्या सिनेमातलं लोकांना काय आठवतं? कैदी शीळ घालत येतात ती चाल! ती अर्नोल्डची नाहीच. ती आहे केनेथ आल्फर्डची, १९१४ सालची. म्हणजे गुणगुणता येईल ते लक्षात ठेवायचं आणि बाकीचं सोडायचं, हा आजार आपलाच नाही.

पण तिकडं एक गोष्ट आपल्यापेक्षा बरी होती. त्यांचं संगीत कागदावर लिहिलेलं होतं. पन्नास वर्षांनी कुणाला वाटलं तर कागद काढायचा, वादक बसवायचे, पुन्हा वाजवायचं, नवी रेकॉर्ड काढायची. व्हॉन विल्यम्सच्या आणि अर्नोल्डच्या सिनेमा-संगीताचं असं झालेलं आहे. आपल्याकडे कागदावर मावतं त्याच्यापेक्षा बरंच काही वादकाच्या बोटात असतं. मींड किती ओढायची, तार कुठं सोडायची, ढोलकीवाल्यानं थाप किती दाबायची, हे त्या दिवशी स्टुडिओत समोरासमोर ठरतं. टेक ओके झाला की वादक पाकीट घेऊन घरी. उरते फक्त टेप.

आणि त्या टेपचं काय होतं? संवाद, संगीत आणि इतर आवाज वेगवेगळे ध्वनिमुद्रित करतात, मग मिक्सिंगमध्ये तिन्ही एकत्र करून फिल्मच्या कडेच्या बारीक पट्टीवर उतरवतात. दुसऱ्या भाषेत डबिंग करायचं असेल तर संगीत आणि आवाज यांचा वेगळा ट्रॅक जपावा लागतो. ज्या सिनेमाला डबिंगचा प्रश्नच आला नाही त्याचा वेगळा ट्रॅक कुणी कशासाठी जपावा? तो गेला की आपल्या हातात राहतं एक समीकरण आणि तीन अज्ञातं. ए अधिक बी अधिक सी बरोबर अमुक. सोडवा! पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं (स्थापना १९६४) प्रिंट जपल्या तर सिनेमा राहील, पण संगीत त्या संवादांच्या खाली गाडलेलंच राहील.

परवापरवापर्यंत हे गणित सुटणारं नव्हतं. आता थोडं सुटायला लागलं आहे. २०२३ मध्ये बीटल्सचं 'नाऊ अँड देन' हे गाणं आलं ना, ते याच मार्गानं. जॉन लेननची जुनी घरगुती कॅसेट, त्यात आवाज आणि पियानो एकत्र मिसळलेले. संगणकाला शिकवून त्यातून आवाज बाजूला काढला आणि गाणं पूर्ण केलं. जे बीटल्ससाठी होतं ते चंदावरकरांसाठी का होऊ नये? खर्चाचा फरक आहे हे मला कळतं. पण गाण्यातून आवाज आणि वाद्यं वेगळी करणारी सॉफ्टवेअर्स आज आपल्या लॅबमधल्या संगणकावरही चालतात. फायनल इयरला दरवर्षी तेच ते ट्रॅफिक सिग्नल आणि तेच ते पाण्याच्या टाकीचे सेन्सर बघून गाइडसुद्धा कंटाळले असतील. (नसतील तर माफी.) एखाद्या ग्रुपनं कॉपीराइटवाल्यांची रीतसर परवानगी काढून 'सामना'ची शेवटची दहा मिनिटं घ्यावीत. संवाद वेगळे करावेत, खाली काय उरतं ते ऐकावं. सूर फाटतील, संवादाचे अवशेष राहतील, ढोलकीची थाप आणि दाराचा आवाज यांच्यात सॉफ्टवेअर गोंधळेल. जुना मोनो ट्रॅक, त्यात मराठी संवाद आणि देशी वाद्यं, म्हणून गोंधळ जास्तच होईल. प्रोजेक्ट तिथंच आहे. व्हायवाला एक्स्टर्नलनं विचारलं की याचा उपयोग काय, तर हेडफोन त्यांच्या कानाला लावावेत.

लायब्ररीकडेही एक मागणी आहे. चंदावरकरांची 'वाद्यवेध' आणि 'चित्रभास्कर' ही मराठी पुस्तकं मागवावीत. 'वाद्यवेध' तर मेकॅनिकलवाल्यांनी पण वाचावं असं आहे, वाद्य म्हणजे शेवटी लाकूड, कातडं, तार आणि हवा यांचं मशीनच. कल्चरल कमिटीला सांगणं एवढंच की गॅदरिंगच्या फिल्मी क्विझमध्ये "या गाण्याचा गायक कोण" असे वीस प्रश्न असतात, त्यातले पाच काढून पार्श्वसंगीताचे घाला. एक तुकडा वाजवायचा, सिनेमा ओळखायचा. पहिल्या वर्षी कुणालाच येणार नाही आणि बक्षीस तसंच राहील. राहू द्या.

आणि हॉस्टेलसाठी. रेक्टर सरांशी बोलणं झालं आहे. सबमिशन संपल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी रात्री साडेआठला टीव्ही हॉलमध्ये 'श्वास' लावायचा, जेवण आधी उरकून घ्यायचं. कॉम्प्युटर लॅबचे मोठे स्पीकर मागितले आहेत, मिळाले तर उत्तमच. शहराचा भाग आला की तो एकदा आवाज बंद करून आणि एकदा लावून, असा दोनदा बघू. पंखे तेवढा वेळ बंद राहतील, उकडेल, त्याची तयारी ठेवून या.